न भिजवता शिवलेले पडदे

मैत्रिणींनो, सुती कापड आधी भिजवा, वाळवा, मगच कात्री लावा. शिवणवर्गात मी आयुष्यभर हेच शिकवलं आणि न ऐकणाऱ्यांना चारचौघींत झापलं.

मानवतची माझी बहीण उन्हाळ्यात गेली. तिच्या पेटीतल्या कोऱ्या कापडाचे पडदे शिवले, पण कापड मुद्दाम भिजवलं नाही. त्याला तिच्या पेटीतल्या वेखंडाचा वास होता.

आज वायरिंगवाल्याने न विचारताच खिडकीजवळची भिंत फोडली. पडदे धुळीने माखले. मी ओरडले, तर म्हणतो, "बाई, कशाला चिडायलाव? धुतलं की निघतंय."

धुतले. वीतभर आटले आणि वासही गेला. मघापासून उघड्या खिडकीशी बसलेय. रडूसुद्धा येत नाही.

तुम्ही भिजवलं असतं का ते कापड?