मायच्या नावासाठी

राजापेठेत शिकवणीवर्गांच्या गर्दीत धर्मपाल कोण, असं विचारलंत तर लोक खांदे उडवतील. "मोडीवाले काका" म्हणा, पानठेल्यावरचा माणूस हातातलं काम सोडून घर दाखवेल.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ते तीस वर्षं शिपाई होते. तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाच्या मागे लागून मोडी शिकले. कोतवाल बुकात, म्हणजे गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीत, जातपडताळणीच्या कागदासाठी धावणाऱ्या कितीतरी पोरांचे पणजे त्यांनी हुडकून दिले. निवृत्तीला सात वर्षं झाली, तरी तोंडाला रुमाल बांधून दफ्तरात बसायची हौस काही फिटलेली नाही. शेवटचं पान स्वतः उलटल्याशिवाय हा माणूस "नाही" म्हणत नाही. अशी माणसं आता फार राहिली नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो.

मागच्या हिवाळ्यात वलगावच्या मनकर्णाबाई नातीचा, रागिणीचा, हात धरून त्यांच्याकडे आल्या. वय ब्याऐंशी. कसलंही सर्टिफिकेट नको होतं.

"माह्या मायचं नाव पायजे," त्या म्हणाल्या. "मी झाली अन् ते गेली. सावत्र मायच्या धाकानं घरात कोनी तिचं नाव घेतलं नाई. बाप, नत्थुजी, तोबी गेला. मराच्या आधी एकदा तिले नावानं हाक माराची हाय मले."

धर्मपालांनी वलगावची वही काढली. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस साल. तीन दिवस पान न् पान चाळलं. ना मनकर्णाबाईंचा जन्म, ना आईचा मृत्यू. चौथ्या दिवशी घरी येऊन ते ताटावर बसले, पण जेवण सुचेना. "नाही" हा शब्द म्हातारीला कसा सांगावा, याचीच धास्ती त्यांना लागली होती.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने, भावनाने, विचारलं, "दामिनीले आनाले अकोल्याले कवा जाता? सातवा लागला पोरीले. पयलं बाळंतपण माहेरीच होते, का हेबी सांगा लागते?"

धर्मपाल ताटावरून उठलेच. पडताळणीला चालतो तो बापाच्या बाजूचा कागद. तीस वर्षं बापाचंच गाव शोधायची सवय डोळ्यांना लागलेली, आणि घरात लेकीच्या बाळंतपणाची तयारी चालली असताना एवढं साधं सुचू नये! स्वतःवरच ते मनापासून चिडले.

त्यांनी मनकर्णाबाईंना फोन लावला. "आजी, आजोळ कोनतं तुमचं?"

"कोनाले मालूम? बापानं दुसरं लगन केलं अन् तिकडचं येनंजानंच तुटलं. मामा एकडाव आला होता. धामनगावहून रेल्वेनं आलो म्हने."

धामणगावच्या आसपास गावं काय थोडी आहेत? धर्मपालांनी अकरा गावांची यादी केली. गुडघे दुखत असताना चार खेपा केल्या. नवव्या गावाच्या वहीत त्रेचाळीस सालचा पौष महिना निघाला. वलगावच्या नत्थुजीला मुलगी झाली, अशी नोंद. तीन ओळी सोडून, चौथ्या दिवशी, दुसरी नोंद. ती वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

नक्कल घेऊन ते वलगावला स्वतः गेले. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. मनकर्णाबाई ओसरीवर बसल्या होत्या. धर्मपालांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, "कौतिकी, नवरा नत्थुजी, राहणार वलगाव. वय एकोणीस. बाळंतरोगानं मयत."

"वय किती म्हनलं?"

"एकोनीस."

आयुष्यभर आई म्हणजे कोणीतरी आपल्याहून मोठी बाई, असंच मनकर्णाबाई धरून चालल्या होत्या. त्यांनी समोर बसलेल्या बावीस वर्षांच्या रागिणीकडे पाहिलं. मग कागद मांडीवर घेतला आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या. लेकरू झोपवताना फिरवतात तसा.

"कौतिके," त्या म्हणाल्या, "लय लहान होती वं तू, बाई."

धर्मपालांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.