एकाच गाडीतले दोघं

काश्मीरात आमच्या पलटणीकडं रस्ता मोकळा करायची ड्युटी होती. रोज तेच. पहाटे चहा घ्यायचा अन् काफिला यायच्या आत रस्ता तपासायचा. त्या सकाळी गाडी कदम चालवत होता. मागं मी अन् जालन्यातल्या मस्तगडचा सलीम. वायरलेस त्याच्याकडं.

"अल्फा, रास्ता साफ. ओव्हर," तो बोलला, अन् खाली सुरुंग फुटला.

कदम जागीच गेला. माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. सलीमला ओरखडाही न्हाई. त्यानंच मला बाहेर ओढलं.

मेडिकल बोर्डानं मला अपंग ठरवलं. हा शब्द मी आजही ऐकून घेत न्हाई. नकली पायावर गावी, तीर्थपुरीत शेती करतो. सलीमला बोर्डानं फिट लिहिलं. रिटायर होऊन घरी आला, तर कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली जायचा. वॉचमनची नोकरी गेली. लोक कामचोर म्हणायचे.

"तेरा पाँव गया, सबको दिखता. मेरा क्या गया, कैसा दिखाऊं?"

"लंगड्यावर जळतो का बे?" मी म्हणायचो. तेवढाच हसायचा.

मंग कळलं, नव्या कायद्यात मनाचा आजारही अपंगत्वात धरतात. सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाकडं मी अन् त्याच्या बायकोनं त्याला दाखल्यासाठी नेलं. सलीम दाढी घोटून, बूट चमकवून आल्ता. डॉक्टरपुढं सावधान उभा.

"आंघोळ स्वतः करता?"

"यस सर."

"झोप लागते?"

"यस सर."

"काम जमतं?"

"यस सर."

त्याची बायको रझिया म्हणाली, "साब, मैं नहलाती इनको. घर आके देखो."

"अफसर के सामने चुप," सलीम डाफरला.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "दाखल्याला चाळीस टक्के अपंगत्व लागतं. यांचं तेवढं भरत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"अफसर को ना कैसा बोलूं, भाई?"

पुन्हा जायला तो तयार झाला न्हाई.

त्याच साली जालन्यात, स्टेशनपुढं एका टेम्पोचं टायर फुटलं. सलीमनं भर रस्त्यात पालथं पडून पोझिशन घेतली. मागून ट्रक येत होता.

पोलिसांनी अपघात लिहिला.

पलटणीच्या शहीद स्मारकाच्या दगडावर त्या सुरुंगाचं एकच नाव आहे, कदमचं. मी कदमच्या मागं सलीमचं घेतो. तो तर जालन्यात गेला, असं कुणी म्हटलं तर मी एवढंच सांगतो, त्या गाडीत मी होतो.