राहूदेताईंची डिस्क

आमच्या ऑफिसात डिस्क सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'राहूदेताई' म्हणतात. काहीही पुसायचं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "राहू दे." बंद पडलेले माऊससुद्धा त्यांच्या टेबलावर सुखाने नांदतात. घरी नवऱ्याने म्हणे कधीच हात टेकलेत.

आमचं अ‍ॅप घशाच्या ऑपरेशनआधी रुग्णांचा आवाज साठवतं. घरात बोलता तीच वाक्यं बोलून ठेवा, असं आम्ही सांगतो. आवाज गेला की माणूस फोनवर बटण दाबून स्वतःच्याच आवाजात बोलतो. हे अ‍ॅप कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंदिस्त कप्प्यात, चालतं. कंटेनर बंद पडला की लगेच दुसरा उभा राहतो, पण कोरी पाटी घेऊन. म्हणून आवाज बाहेरच्या डिस्कवर ठेवायचे आणि ती डिस्क कंटेनरला जोडायची. अ‍ॅपच काढून टाकलं तर डिस्क पुसायची की ठेवायची, हे आधी ठरवावं लागतं. ताईंनी सगळीकडे 'ठेवा' करून टाकलं होतं. साहेब बैठकीत त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवायचे.

मग साहेबांना साफसफाईचा झटका आला. 'तात्पुरतं' नावाचं एक अ‍ॅप दिसलं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने उडवलं. आमच्याकडे ज्याला तात्पुरतं म्हणतात ते कायमचं असतं, हे भिंतींनाही ठाऊक आहे. आवाजाचं अ‍ॅप तेच होतं. घाईघाईने पुन्हा उभं केलं, तर आत शुकशुकाट.

दुपारी एक निवृत्त मास्तर आणि काकू आले. मास्तरांचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी बटण दाबलं, काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं.

"यांचा आवाज तुमच्याकडेच होता ना?" काकू म्हणाल्या. "घरी कुठेच नाही हो."

साहेबांचा चेहरा उतरला. मला त्यांची अजिबात कीव आली नाही.

"डिस्क शाबूत आहे," ताई म्हणाल्या. "जुन्या अ‍ॅपच्या नावावर अडकलीय, म्हणून नव्याला हात लावू देत नाही." त्यांनी जुनं नाव खोडलं, डिस्क नव्या अ‍ॅपला जोडली. "दाबा आता, मास्तर."

फोन खेकसला, "किती वेळा सांगितलं, खोलीबाहेर पडताना पंखा बंद कर!"

मास्तर ओशाळले. साहेब लगबगीने पुढे झाले. "काकू, हे वाक्य काढून टाकू का?"

काकूंनी डोळे पुसले. "राहू दे हो."