काडीताईची उजळणी

माझ्या चुलत बहिणीला घरात सगळे काडी म्हणायचे. कौतुकानंच. मी धाकटा, म्हणून माझी ती काडीताई. दोऱ्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकानं चिंधी पुढं केली की न बघितल्यासारखं करून नेमक्या छटेचं रीळ काढायची. जेवायची वेळ झाली की मात्र तिला हमखास माल लावायचा असायचा. राहायची एकटी, त्यामुळं ताटाला साक्षीदार नाही. शेवटी दुकानातच चक्कर येऊन पडली, तेव्हा दवाखान्यात भरती केलं.

भेटायला जाणारा मी एकटाच. बाकीच्यांचं म्हणणं, खायला काय होतं तिला? हे वाक्य आमच्या घरात पोटभर जेवून म्हटलं जातं.

तिथल्या मानसतज्ज्ञ बाई एक चाचणी घ्यायच्या. पडद्यावर रंगीत अक्षरांत शब्द येतो. अर्थाकडं लक्ष द्यायचं नाही, रंगाचं बटण दाबायचं. ज्या शब्दाची धास्ती, तिथं मन अडकतं आणि बोट रेंगाळतं. ‘पोट’, ‘वजन’, ‘साखर’ आलं की रंगांत मुरलेल्या ताईचं बोट चिखलात रुतल्यागत व्हायचं.

हे सुधारलं की घरी सोडतील, असं तिनं मनाशी धरलं आणि उजळणी सुरू केली. मी ‘पोट’ म्हणायचं, तिनं खिडकीतून दिसेल त्याचा रंग सांगायचा. एवढा अभ्यास मी दहावीला केला असता तर घरच्यांनी पेढे वाटले असते.

पुढच्या चाचणीत ताई सुसाट सुटली. बाईंनी मलाही आत बोलावलं.

“‘पंखा’, ‘खुर्ची’ला तुम्ही निवांत असता,” त्या ताईला म्हणाल्या, “आणि ‘साखर’ दिसली की धूम ठोकता. कुत्र्याची भीती नसेल तर माणूस पळेल कशाला?”

शिवाय घरी सोडायचं ते ताट बघून, नुसती बटणं बघून नाही, हेही त्यांनी समजावलं.

खाटेवर परतल्यावर ताई उशी सरळ करून बसली. मग म्हणाली, “घरी तरी काय रे, जेवलीस का म्हणून कुणी विचारत नाही, तेवढंच सुख.”

“आणि विचारलं असतं तर?”

“मी चिडले असते.” चादरीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, “मग दोन घास खाल्लेही असते.”

ताट आलं. भेटायची वेळ संपली म्हणून नर्सनं मला उठवलं. दारातून वळून बघितलं, तर ताई घास हातात धरून समोरच्या रिकाम्या खाटेकडं बघत होती. मी तिथूनच म्हटलं, “खा.”

ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.