त्सोन्कामावशींचा दुजाभाव

त्सोन्कामावशींच्या तावडीतून उपाशी कुणी सुटत नाही. टपालवालाही बनित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचा, तुकडा चघळतच परत जातो. आमच्या संस्थेच्या मेंढवाड्यात सत्ता त्यांचीच.

त्या वर्षी एलित्साची पीएचडी त्यांच्या हवाली होती. इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक अंगात बनू नये म्हणून अंडाशय काढलेल्या मेंढ्यांचे दोन कप्पे. एका कप्प्यातल्या मेंढ्यांच्या कातडीखाली इस्ट्रोजेनची नळी, दुसऱ्या कप्प्यात रिकामी नळी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. मेंदूचा निरोप झेलायला तिच्या पेशींवर रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन मिळालं की ते रिसेप्टर घडवणारं जनुक जोरात कामाला लागतं, हे एलित्साला दोन्हींतल्या फरकावरून दाखवायचं होतं. सोमवारी मेंढ्या कापून ग्रंथी काढायच्या. दुसऱ्या मेंढ्या मिळणार नव्हत्या.

शुक्रवारी एलित्सा बघते तर पाशा नावाचा आमचा एडका बावचळलेला. इस्ट्रोजेनवाल्या माजावर येतात, त्यांच्या कुंपणाशी घुटमळणं ठीक. पण हा गडी तिथून धावत रिकाम्या नळीवालींकडे जाई, नाक वर करून हुंगे, पुन्हा इकडे.

"मावशी, याला ह्यांच्यात काय दिसलं?"

"पुरुषाची जात. त्याला कसलं कारण लागतंय?"

एलित्साने वाकून पाहिलं. कासा फुगलेल्या.

"ह्यांना काय घातलंत?"

"वाळलं गवत. तू सांगितलंस तेच."

"आणि?"

"आणि जरासा लाल क्लोव्हरचा चारा. माझ्या परसातला, ताजा."

"जरासा म्हणजे?"

"हातगाडीभर. रोज." मावशींनी एप्रनला हात पुसले. "अगं, त्यांना औषध नि ह्या बिचाऱ्यांना रिकामी नळी? तुझ्या आईनं वाढताना असा दुजाभाव केला असता तर?"

"मावशी, त्या क्लोव्हरमध्ये इस्ट्रोजेनसारखंच द्रव्य असतं. ह्यांच्यातही रिसेप्टर वाढले असतील. फरकच दिसला नाही, तर माझा प्रबंध बुडाला."

मावशींनी दारातली भरलेली हातगाडी तशीच माघारी नेली. असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

क्लोव्हरचा असर उतरेपर्यंत मेंढ्या कापणं पुढे ढकललं. पुढचे आठवडे मावशी कोरडं गवत टाकून पाठ फिरवत. मेंढ्या बें बें करत. "माझ्याकडे नका बघू, त्या डॉक्टरीणबाईंना विचारा." हळूहळू पाशाने रिकाम्या नळीवालींच्या कुंपणाकडे फिरकणं सोडलं.

मग ग्रंथी तपासल्या. इस्ट्रोजेनवालींत जनुकाचं काम दणक्यात, दुसऱ्यांत मंद. एलित्साने मावशींना मिठीच मारली.

"म्हणजे मी ह्यांना तोंडचा घास नाकारला, म्हणून तू डॉक्टर होणार?"

"हो."

"बरं. गावात कुणाला बोलू नकोस."