बाबांचा अंदाज

हिवाळ्यात हुडको कॉलनीतल्या आमच्या घराच्या अंगणात अकराच्या सुमारास ऊन यायचं आणि तीनपर्यंत हलायचं नाही. त्या उन्हात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलं की काम कमी आणि पेंगणंच जास्त व्हायचं. दूर स्टील प्लांटची घरघर चालू असायची. इथे वाढलेल्यांना ती ऐकूच येत नाही. पाहुणे मात्र आल्या आल्या विचारतात, हा आवाज कशाचा म्हणून.

माझी पीएचडी आवाजाचीच होती. म्हणजे गोंगाटातून खरा आवाज गाळून काढायची. कॉलेजच्या लॅबमध्ये एका जुन्या पंख्याच्या बेअरिंगला सेन्सर चिकटवला होता. त्यातून येणाऱ्या खरखरीवरून बेअरिंग आतून किती झिजलंय याचा अंदाज माझा फिल्टर, म्हणजे मी लिहिलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, बांधायचा. अंदाज हा शब्द लोकांना हलका वाटतो, पण आमच्याकडे तेच सगळं काम. फिल्टरजवळ दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आधीच्या अनुभवावरून 'आता असं येईल' हा त्याचा स्वतःचा अंदाज, आणि दुसरी म्हणजे आत्ता प्रत्यक्ष आलेलं मोजमाप. दोन्हींत थोडी थोडी चूक असतेच. कोणावर किती भरवसा ठेवायचा, एवढंच ठरवायचं असतं.

त्या हिवाळ्यात माझा फिल्टर बिघडला. स्वतःच्या अंदाजावर त्याचा इतका विश्वास बसला की नवीन मोजमापाकडे तो ढुंकूनही बघेना. पडद्यावर त्याची रेघ काय सुंदर, गुळगुळीत, आणि बेअरिंग बिचारं भलतीकडेच! मी तासन्‌तास त्या रेघेकडे बघत बसायचे. खोटं कशाला सांगू, ती चुकीची आहे हे माहीत असूनही मला आवडायची.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांनी सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये काढली. तिथे लालभडक लोखंड रोलरांमधून जाताना असा आवाज होतो की माणसं हाताच्या खुणांनीच बोलतात. रिटायर झाल्यावर बाबा शांत झाले असं सगळे म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. काही विचारलं की हसून म्हणायचे, "कर ना, मी काय ना म्हनून राहिलो?" कॉलेज, पीएचडी, लग्न इतक्यात नको, सगळ्याला हेच उत्तर. मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा.

एका रविवारी बंगलोरच्या एका संस्थेचा मेल आला. दोन वर्षांचं संशोधनाचं काम, पुढच्याच महिन्यात हजर व्हायचं. बाबा अंगणात खाटेवर मान खाली घालून लाखोरीची पालेभाजी निवडत बसले होते. मी त्यांच्या पाठीमागून, दारातूनच विचारलं, "बाबा, बंगलोरले जाऊ का?"

"जा ना," ते म्हणाले. "मी काय ना म्हनून राहिलो?"

इतकं सोपं! आनंद झाला, आणि जरा रागही आला. एकुलती एक पोरगी चाललीय आणि यांना भाजी सुटेना. त्याच तिरमिरीत मी होकार पाठवून टाकला. पुढचे दिवस तरंगत गेल्यासारखे गेले. तिकीट काढलं, काय काय न्यायचं ते ठरवलं, उन्हात बसून नसलेल्या खोलीत सामान लावलं. बाबांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. काढला असता तर रडले असते.

मग एका दुपारी माळ्यावरून मोठी बॅग खाली काढली. बाबांनी ती पाहिली आणि विचारलं, "कोन येऊन राहिलं?"

"कोनी नाई. मी चालली ना शनिवारी."

"कुठं?"

माझं डोकंच फिरलं. "कुठं म्हंजे? बंगलोरले! तुमीच तं जा म्हनलं!"

हे मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी तं बजारले जा म्हनलं होतं."

रविवारी त्या वेळेला मी बाजाराला निघायचे. दर रविवारी दारातून विचारायचे, जाऊ का. त्यांना 'ब' ऐकू आला होता, आणि शेवटचं 'जाऊ का'. मधलं त्यांनी सवयीनं भरलं. कधीपासून असं भरत होते कोण जाणे. एकदा मी गॅस संपला का विचारलं, तर "हो, जेवलो" म्हणाले होते. मला वाटलं, गंमत करतायत. हसलेही होते मेली! अंदाजावर दीडशे पानं लिहिणारी मी, आणि माझ्याच घरात एक माणूस नुसत्या अंदाजावर दिवस काढत होता. लाज वाटली. खूप लाज वाटली.

"सांगतलं कावून नाई बाबा?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"तू आपल्या कामात राहते. तुले कायले तरास?"

मी स्टूल ओढलं, ऊन माझ्या तोंडावर पडेल असं त्यांच्यासमोर बसले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बंगलोरले. दोन वर्सं. जाऊ का?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. बोलणं संपल्यावरही बघत होते. उत्तर काय येणार हे मला ठाऊकच होतं. त्यांचे ओठ हलले तसं मला सुटल्यासारखं झालं आणि मी उठलेसुद्धा. "बरं, मग उद्याच डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणाले, "कानाची मशीन घेऊन टाकू. तिकडून फोन केला तं बरोबर आयकू येईन तुमाले."

बाबांनी माझं मनगट धरलं.

"मी नको जाऊ म्हनलं," ते म्हणाले. "आता तुले आयकू नाई येऊन राहिलं का?"

मी परत स्टुलावर बसले.