ॲडमिनला नाव दिसतं

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. एकेक बघायचा, गप्प बसायचं, आणि एक दिवस लक्षात येतं की पोतं भरलंय आणि ओतायला समोर कोणी नाही. माझं तसंच झालंय. मी पुण्याजवळच्या रावेतमधल्या आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन. या ग्रुपवर परवापरवापर्यंत नाव लपवून लिहायची सोय होती. लिहिणाऱ्याच्या जागी सगळ्यांना फक्त 'निनावी सदस्य' एवढंच दिसायचं. ॲडमिनला मात्र खरं नाव दिसायचं!

ती सोय मीच माझ्या हाताने बंद केली. बंद करताना एका माणसाचं आता कसं होणार, याची मला धास्ती होती. त्यांच्याकडे येतोच, पण आधी थोडी गंमत.

*

मी ॲडमिन कसा झालो? मी मूळचा बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला. लग्न झालं नाही, फ्लॅटमध्ये एकटाच. मीटिंगमध्ये "ॲडमिन कोण होणार?" असा प्रश्न आला आणि सगळ्यांना आपापल्या मोबाइलमध्ये एकदम महत्त्वाचं काहीतरी सापडलं. तेवढ्यात आमच्या सेक्रेटरी शिंदे मॅडमची नजर माझ्यावर पडली.

"अहो, तुम्हीच घ्या ना! तुम्हाला काय, घरी वाट बघणारं कोणी नाही!"

टाळ्या वाजल्या. बिनविरोध निवड झाली राव!

*

पहिला मान ए विंगच्या मोनेंचा. मोने आयटीतले, बोलायला गोड. त्यांनी निनावी लिहिलं, "पार्किंगमध्ये मनमानी चालली आहे." खाली लगेच स्वतःच्या नावाने कमेंट टाकली, "अगदी बरोबर! लिहिणाऱ्याच्या हिमतीला सलाम!"

दुसरं कोणी काही बोलेना. मग वातावरण तापवायला मोने पुन्हा निनावी झाले. "मोने, तुमच्याच दोन गाड्या आहेत, तुम्ही बोलू नका!" त्यावर खऱ्या नावाने, "पुरावा द्या!" आता मात्र बिल्डिंग जागी झाली. निम्मे मोनेंच्या बाजूने, निम्मे निनावीच्या. निनावीची बाजू भारी पडत गेली, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मोनेंनी जाहीर माघार घेतली.

स्वतःशी भांडला आणि हरला!

*

एका संध्याकाळी एका ताईंनी निनावी लिहिलं, "दिवसभर ऑफिस करून घरी येते, स्वयंपाकही मीच करते. नवरा ताटसुद्धा उचलत नाही. घरात दोघं आहोत, पण दिवसेंदिवस माझ्याशी कोणी बोलत नाही." खाली पुष्कळ सल्ले आले. सगळ्यात जोरदार सल्ला एका गृहस्थांचा. नाइट शिफ्टला निघाले होते, कंपनीच्या बसमधून लिहीत होते, तेही खऱ्या नावाने. "ताई, असल्या माणसाला धडा शिकवा. बायकोशी दोन शब्द बोलायला काय पैसे पडतात का?"

हे गृहस्थ म्हणजे त्या ताईंचा नवरा!

ताईंनी त्या कमेंटला बदाम दिला. मी किचनमध्ये उभा राहून मोठ्याने हसलो. मग हसू ओसरलं, आणि हे सांगायला आपल्याला कोणी नाही हे जाणवलं.

*

आमचे बाळूनाना इथले मूळचे. जिथे सोसायटी उभी आहे ती त्यांचीच शेतजमीन, बदल्यात दोन फ्लॅट मिळालेत. नानांची निनावी पोस्ट आली, "पाणी टायमावर सोडा. न्हाईतर आमी टाकीवर येऊन बसू." आणि खाली, "आपला, बाळूनाना, सी विंग, पयला मजला."

मी खाली जाऊन त्यांना गाठलं. "नाना, नाव कशाला लिहिलंत?"

"नाव झाकून बोलाया मी काय चोरी केली व्हय?"

"मग ते निनावीचं बटण कशाला दाबलं?"

"समदी दाबत्यात, म्हून आमी बी दाबलं!"

*

मग एक दिवस कोणीतरी ग्रुपवर विचारलं, "ॲडमिनला आपली नावं दिसतात का?" मला खोटं बोलता येत नाही. लिहिलं, "दिसतात."

तासाभरात ग्रुपवरच्या निम्म्या पोस्ट डिलीट झाल्या! त्यानंतर मी लिफ्टमध्ये शिरलो की लोकांना जिना आठवायला लागला. मोने तर मला बघितलं की कानाला फोन लावायचे, फोन उलटा असला तरी. मी कधी कुणाचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. पण ते सांगायचं तरी कोणाला? दिवाळीला माझ्या दाराशी फराळाचे ढीगभर डबे आले. डबा घेऊन आलेलं एकही माणूस उंबरा ओलांडून आत आलं नाही. चकल्या मी पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत एकट्याने खाल्ल्या.

*

आता खैरे काका. बी-६०२. पिंपरीतल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन नाशिकला. आमच्याकडे एक नियम आहे. आवाजाची तक्रार आली की कमिटीच्या दोघांनी त्या घरी समक्ष जाऊन बोलायचं. फोनवर भांडणं वाढतात म्हणून.

एके दिवशी निनावी पोस्ट आली, "बी-६०२ मध्ये टीव्ही फार मोठ्याने लावतात. कमिटीने दखल घ्यावी." मी नाव बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तक्रार खैरे काकांची होती!

ॲडमिन म्हणून मीही कमिटीत होतोच, मॅडम आणि मी गेलो. टीव्ही बंद. टेबलावर तीन कप, झाकलेले पोहे, वर ओलं खोबरं.

"या, या! चूक झाली माझी!" काकांचा चेहरा असा फुललेला, जणू आम्ही मुलीच्या सासरची मंडळी!

झापायला गेलेल्या मॅडम दुसऱ्यांदा पोहे घेऊन बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "किती साधा माणूस! कोण मेलं यांच्या मागे लागलंय?"

मग दर आठवड्याला तक्रार यायला लागली. कधी मिक्सरची, कधी खुर्च्या ओढल्याची. टेबलावर कधी थालीपीठ, कधी खिचडी. मला नाव दिसतं हे काकांना ठाऊक होतं. दार उघडलं की आधी माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, "साखर किती?" मी म्हणायचो, "थोडी जास्तच." यापलीकडे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

खरं सांगतो, मी त्या तक्रारीची वाट बघायला लागलो होतो. अख्ख्या सोसायटीत तेवढ्या एका घरात मला कोणी "बसा" म्हणायचं.

पण मॅडमचं डोकं फिरलं. मीटिंग बोलावली. "एका म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी नाव लपवून छळतंय! हिंमत असेल तर नावानिशी बोला म्हणावं!" सगळ्यांनी माना डोलावल्या, सगळ्यात जोरात मोनेंनी. काका मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. सगळे त्यांच्याकडे कळवळून बघत होते.

मी म्हणालो, "राहू द्या की थोडे दिवस."

"तुम्ही कुणाला पाठीशी घालताय?" मॅडम कडाडल्या. खरं बोलावं तर काकांची अब्रू जाणार, न बोलावं तर त्यांच्या घरी माणसाचं येणं बंद होणार.

मॅडम मागच्या रांगेकडे वळल्या. "काका, तुम्हीच सांगा. बंद करायचं ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच हात वर केला. "करा बंद."

मी तिथेच बटण दाबलं.

त्या आठवड्यात तक्रार आली नाही. पुढच्याही आठवड्यात नाही. दोनदा मी सहाव्या मजल्यावर उतरलो आणि बेल न वाजवता परत फिरलो. तक्रार नसताना कोणाच्या घरी जायची आमच्याकडे सवयच नाही.

काल दुपारी, ऑफिसात असताना, ग्रुपवर पोस्ट आली. पूर्ण नावानिशी, स्वतःच्या फोटोसकट.

"मी दत्तात्रय खैरे, बी-६०२. आज संध्याकाळी सातनंतर माझ्या घरातून फार आवाज होणार आहे. कमिटीने समक्ष येऊन दखल घ्यावी."